डीजेचा हेडफोन पारखताना

बियाणे कसे ओळखावे, बैल कसा बघून घ्यावा, विहिरीवर मोटार कोणती बसवावी, असे लेख आपण नेहमी वाचतो. आज मी एका वेगळ्याच वस्तूविषयी लिहिणार आहे. ती म्हणजे डीजे चालवणाऱ्या मुलाचा हेडफोन. शेतकऱ्याला त्याचे काय, असे म्हणून पान उलटू नका. आपल्या नागपूर भागात कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी आता डीजेचा जोडधंदा आहे. संत्र्याचा बहार कधी टिकतो, कधी गळतो. कापसाचे पैसे हाती पडेपर्यंत उधारीवाले दारात उभे असतात. लग्नसराईत मात्र रात्रीच्या रात्री रोख पैसा मिळतो. मग पोट्टे म्हणतात, डीजे काढतो. आईबाप कर्जाच्या कागदावर सही करतात.

अशा घरात बेसच्या पेट्या किती इंची घ्यायच्या, ॲम्प्लिफायर किती वॅटचा, जनरेटर नवा की जुना, यावर आठवडाभर चर्चा चालते. हेडफोनचा नंबर शेवटी लागतो. उरलेल्या पैशांत मोबाइलच्या दुकानातून जो मिळेल तो आणायचा, अशी रीत आहे. बैलजोडी हजारोंची घ्यायची आणि जू मात्र सरपणातल्या लाकडाचे करायचे, असा हा प्रकार आहे. मी काटोल तालुक्यात शेती सांभाळून बरीच वर्षे माईकसेट भाड्याने दिला आहे. शिवाय माझा पुतण्या आता डीजे चालवतो. म्हणून या बाबतीत चार शब्द लिहितो.

आमच्या वेळी हेडफोनची गरजच नव्हती. आंब्याच्या फांदीला किंवा घराच्या कौलावर कर्णा बांधायचा, बॅटरी जोडायची आणि तबकडी लावायची. एक गाणे संपले की सुई उचलायची, तबकडी बदलायची. मधल्या वेळात मांडवातली मंडळी खोकून घ्यायची, कोणी पाणी मागायचे. त्याचे कोणाला काही वाटत नसे. डीजेचे तसे नाही. पहिले गाणे संपण्याआधीच दुसरे त्यात मिसळले पाहिजे आणि नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. म्हणजे लोक एक गाणे ऐकत असताना डीजेवाल्याने पुढचे गाणे गुपचूप ऐकून तयार ठेवायचे. ते ऐकण्याचे साधन म्हणजे हेडफोन. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या आपल्या जुन्या रेडिओ केंद्रावर, स्टुडिओतले लोक कानाला हेडफोन लावून बसतात तेही बाहेर काय जाते आहे आणि पुढे काय जायचे आहे हे नीट ऐकू यावे म्हणून. फरक एवढाच की त्यांची खोली शांत असते. आपला पोरगा दहा पेट्यांच्या मागे उभा असतो.

दोन गाणी जुळवणे म्हणजे काय, हे शंकरपट पाहिलेल्या माणसाला फोड करून सांगायला नको. जोडीतला एक बैल अर्धे पाऊल पुढे आणि दुसरा मागे असला की दमणी वाकडी जाते. दोन गाण्यांचे ठोकेही असेच पावलाला पाऊल लावून पडावे लागतात. नाही तर कानाला गोंधळ ऐकू येतो आणि नवरदेवाचे मित्र डीजेवाल्याकडे रोखून पाहू लागतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या लग्नसराईत पुतण्या एके सकाळी अंगणात येऊन बसला. रात्रभर वरात वाजवून आला होता. म्हणाला, "मोठेबाबा, कानात शिट्टी वाजून रायली. बंदच होत नाही." मी म्हटले, झोप काढ, थांबेल. ती दुपारपर्यंत थांबलीही. पण पुढच्या वरातीनंतर पुन्हा आली, आणि मग तर दोन दिवस राहिली. त्याच्या आईने आणखी एक गोष्ट सांगितली. पोरगा हल्ली "काय?" असे सारखे विचारतो. आवाज त्याला ऐकू जातो, पण शब्द कळत नाही. मग आम्ही त्याला नागपूरला कानाच्या दवाखान्यात नेले.

तिथे एका बंद खोलीत बसवून त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि बारीक-मोठे सूर ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचे. त्याचा एक आलेख निघतो. डॉक्टरीण बाईंनी तो आम्हाला समजावून दिला. रेघ बऱ्यापैकी सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्‌झच्या जागी एकदम खाली खड्ड्यात गेली होती. फार मोठ्या आवाजाने कान दुखावला की पहिला खड्डा बहुधा त्याच जागी पडतो, असे त्या म्हणाल्या. आपल्या कानाच्या आत शंखाच्या आकाराची नळी असते. तिच्यात केसासारखे तुरे असलेल्या सुमारे १५ हजार सूक्ष्म पेशी असतात. आवाजाच्या माराने त्या आडव्या पडतात. थोडक्यात निभावले तर पुन्हा उभ्या राहतात, म्हणून पहिल्यांदा शिट्टी दुपारी थांबली. मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. कापूस मोडला तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो, याचे तसे नाही.

त्या खड्ड्याचा अर्थ घरी येताना बसमध्ये माझ्या ध्यानात आला. स, श, त, क, फ ही अक्षरे ज्या सुरांवर ओळखू येतात ते सूर साधारण त्याच भागातले आहेत. म्हणून आईचा आवाज ऐकू यायचा, पण शब्द निसटायचा. गाण्यातली झांज, टाळ आणि डीजेच्या गाण्यात सतत वाजणारी ती बारीक 'चिक्‌चिक्‌' हीही त्याच वरच्या भागात. आणि ठोका जुळवायचा असतो तो त्या चिक्‌चिकीवर! म्हणजे ज्या सुरावर पोराचा धंदा, तोच सूर आधी जातो. तो ऐकू येईना म्हणून पोरगा हेडफोनचा आवाज वाढवतो. वाढवला की आणखी पेशी मरतात. मग आणखी वाढवतो. पिठाच्या चक्कीवाल्याशी आपण ओरडून का बोलतो, हे आपल्याला माहीत आहे. चक्कीवाल्याचे वय निदान पन्नास-साठ असते. माझा पुतण्या तेवीस वर्षांचा आहे.

म्हणून मी म्हणतो की डीजेचा हेडफोन आवाज मोठा येतो म्हणून घ्यायचा नसतो. बाहेरचा गोंगाट तो किती अडवतो, हे पाहून घ्यायचा. बाहेर १०० डेसिबलचा कल्लोळ चालू असेल तर साध्या हेडफोनमध्ये पुढचे गाणे ऐकायला त्याच्याही वर आवाज न्यावा लागतो. चांगला बंद हेडफोन १५ ते २० डेसिबल बाहेरच रोखतो. मग तेवढा आवाज कमी ठेवूनही गाणे स्वच्छ कळते. डेसिबलचा हिशेब मात्र आपल्या क्विंटलसारखा सरळ नाही. तीन डेसिबल वाढले की कानावरचा मारा दुप्पट होतो आणि सोसायची वेळ निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, असे निम्मे निम्मे करत या. १०० च्या पुढे गेलात की सबंध आठवड्यासाठी वीस मिनिटेसुद्धा उरत नाहीत. एका वरातीलाच चार तास लागतात, आणि मे महिन्यात आठवड्याला चार वराती असतात. तुम्हीच ताळा करून पाहा.

लग्नसराई पुन्हा तोंडावर आली तेव्हा पुतण्याला घेऊन मी गणेशपेठच्या स्टँडवर उतरलो आणि बर्डी गाठली. सीताबर्डीच्या बाजारात विजेच्या सामानाच्या आणि साउंडच्या दुकानांना तोटा नाही. पहिल्याच दुकानात त्याने एक चकचकीत हेडफोन कानाला लावला आणि खूश झाला. "मोठेबाबा, हाच घेऊ न. याचा बेस पाहा कसा दणकते!" दुकानदारालाही तेच हवे होते. मी म्हटले, आधी गाणे बंद करा. गाणे बंद असताना हेडफोन नुसता कानाला लाव आणि रस्त्यावरचा ऑटोचा हॉर्न किती ऐकू येतो ते सांग. हॉर्न जसाच्या तसा ऐकू येत होता. दुकानदार थोडा नाराज झाला. होऊ द्या. बैल घेताना आपण दात पाहतोच, मग विकणाऱ्याला राग येवो.

पारख करायची ती अशी. कानावरच्या वाट्या मागून बंद हव्यात. जाळीच्या, उघड्या पाठीच्या वाट्या घरी बसून शांतपणे गाणी ऐकायला उत्तम, वरातीत काही कामाच्या नाहीत. गादी मऊ असावी आणि कानाभोवती किंवा कानावर सगळीकडून सारखी बसावी, चष्म्याच्या काडीपाशीही फट राहू नये. कमान डोके घट्ट धरील इतपत कडक असावी. मान जोराने हलवून पाहावी. हेडफोन घसरला तर नको. मात्र दहा मिनिटे लावून ठेवून कान दुखतो का हेही बघावे. दुकानात दहा मिनिटे बसायला लाजू नये.

डीजेवाला दोन्ही कान झाकून काम करीत नाही. एका कानाने पुढचे गाणे, दुसऱ्याने बाहेरचे. म्हणून एक वाटी मागे फिरवता आली पाहिजे. ती फिरते तो सांधा पन्नास वेळा फिरवा. करकर आवाज आला किंवा प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली तर तो हेडफोन तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंतही जायचा नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९८८ साली एचडी २५ नावाचा हेडफोन काढला. दिसायला अगदी साधा, वजन वायर सोडून १४० ग्रॅमच्या आसपास, एक वाटी फिरणारी आणि जवळजवळ प्रत्येक भाग सुटा करून बदलता येणारा. जगभरचे डीजेवाले अजून तो वापरतात, ते काही त्याच्या देखणेपणामुळे नव्हे. तोच घ्या असे माझे म्हणणे नाही. पायोनियर, ऑडिओ टेक्निका, सोनी यांचेही चांगले हेडफोन आहेत. पण सुटे भाग मिळणे ही मोठी गोष्ट आहे. ज्या ट्रॅक्टरचा भाग तालुक्याला मिळत नाही तो ट्रॅक्टर आपण घेतो का?

वायरकडे कोणी पाहत नाही आणि आधी तीच जाते. पेटीत अडकते, कोणाचा तरी पाय पडतो, पिनेपाशी तुटते. वायर हेडफोनमधून काढता-घालता येणारी असावी, म्हणजे नुसती वायर बदलता येते. ती एकाच वाटीतून निघालेली बरी. दोन्हीकडून आली की गळ्यात फास बसल्यासारखी होते. पूर्वीच्या टेलिफोनला असायची तशी वेटोळ्यांची वायर असेल तर ताणली तरी तुटत नाही. मिक्सरला बहुधा जाड पिन लागते, ६.३५ मिलिमीटरची, मोबाइलची असते ३.५ ची. बारीक पिनेवर जाड टोपण आट्यांनी घट्ट फिरवून बसवता येते असा हेडफोन घ्यावा. नुसते दाबून बसवलेले टोपण ऐन वरातीत निसटते.

"बिनवायरचा घेऊ, मोठेबाबा, भानगडच नाही," असेही पुतण्या म्हणाला. दुकानात होता, छान दिसत होता. पण ब्लूटूथने आवाज कानापर्यंत यायला साधारण एक ते दोन दशांश सेकंद उशीर होतो. हे कमी वाटेल. नाचाच्या गाण्यात मिनिटाला १२० ठोके असले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा झाला. दोन दशांश सेकंद म्हणजे जवळजवळ अर्धा ठोका मागे. शंकरपटातला बैल अर्धे पाऊल मागे, दुसरे काय? शिवाय ऐन वेळी त्याची बॅटरी संपायची ती वेगळीच.

खोक्यावर आकडे पुष्कळ छापलेले असतात. त्यातले दोन पाहावेत. एक ओहम. ३२ ते ७० ओहमच्या आसपासचा हेडफोन मिक्सरवर आणि लॅपटॉपवर नीट चालतो. २५० ओहमचा स्टुडिओतला हेडफोन लॅपटॉपला जोडणे म्हणजे गोऱ्ह्याला लोखंडी नांगर जुंपणे आहे. आवाज निघतो, पण केविलवाणा. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे थोड्या विजेत किती आवाज निघतो त्याचा. तो शंभराच्या आसपास असला की पुरे. ५ पासून ३० हजार हर्ट्‌झपर्यंत वाजतो असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, त्याला भुलू नये. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पासून २० हजारांपर्यंत ऐकतो. माझ्या वयाच्या माणसाने तर वरच्या हजारांचे नावच काढू नये.

राहता राहिला बेस. बेस दणकला की पोट्ट्यांना हेडफोन भारी वाटतो. पण तबला आणि डग्गा वेगवेगळे ऐकू आले तरच तालाला अर्थ असतो. डग्ग्यानेच सगळे झाकून टाकले तर तबलजीने काय करावे? वरातीत बेस तसाही पेट्यांमधून छातीवर येऊन आदळतो, आणि तो कोणताही हेडफोन पुरता अडवू शकत नाही. हेडफोनमध्ये ऐकायची ती झांजेची टकटक. म्हणून दुकानात रोज वाजवतो तेच ओळखीचे गाणे लावायचे, आवाज निम्म्याच्या खाली ठेवायचा आणि झांज स्वतंत्र ऐकू येते का ते पाहायचे. पुतण्याला मी हेच करायला लावले. चौथ्या दुकानातल्या एका काळ्या, साध्या हेडफोनने त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "आवाज कमी हाय, पण समदं दिसून रायलं." ऐकू येते असे न म्हणता दिसते म्हणाला. मला ते पटले. बिल आणि वॉरंटीचा कागद घेतला, कारण नामांकित कंपन्यांच्या नकला हुबेहूब मिळतात, आणि बिल न देणाऱ्याकडे काय मिळते ते बोगस बियाण्याच्या पाकिटांनी आपल्याला शिकवले आहे. एका बेसच्या पेटीच्या मानाने खर्च थोडाच झाला.

यात गावाचाही संबंध आहे. ज्याच्या कानाला बारीक सूर कमी ऐकू येतो तो पेट्यांचाही आवाज वाढवतो, कारण त्याला गाणे दबके वाटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. ठरावीक सणांना सरकार बारापर्यंत सवलत देते, तीही वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. वरातीत ही मर्यादा कोण पाळतो ते तुम्ही जाणता. मारबतीच्या मिरवणुकीत, संदलात, धुमालच्या गाडीवर, सगळीकडे चढाओढ चालते. पोलीस येतात तेव्हा पेट्या कर्जासकट ठाण्यात जातात आणि सोडवायला बाप जातो.

हेडफोन चांगला आणला म्हणजे झाले असेही नाही. जो कान उघडा असतो तो पेट्यांकडेच असतो. पुतण्या आता त्या कानात फोमचा बोळा घालतो, औषधाच्या दुकानात मिळतो तो. पहिले दोन दिवस त्याला बुडाल्यासारखे वाटले, मग सवय झाली. पेट्यांची तोंडे पुढे आणि तो त्यांच्या मागे दोन हात आणखी दूर, अशी गाडीची मांडणी बदलली. मिक्सरवरच्या हेडफोनच्या बटणाला त्याच्या आईने नखाला लावायच्या लाल रंगाची खूण केली आहे. त्या खुणेच्या पुढे बटण गेले की बरोबरचा पोरगा त्याच्या पाठीवर थाप मारतो, असा त्यांचा ठराव आहे.

आपल्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या हेडफोनच्या गादीचे रेक्झीन महिन्याभरात सोलून निघते आणि घामाने आतला फोम बसतो. मग फट पडते आणि बाहेरचा आवाज आत येतो, म्हणजे पुन्हा पहिले पाढे. म्हणून काम झाले की कोरड्या फडक्याने पुसून कापडी पिशवीत घालून सावलीत ठेवावा आणि गाद्यांची एक जोडी आधीच घेऊन ठेवावी. आमच्याकडे ती कपाटात पोळ्याच्या झुलीशेजारी ठेवलेली आहे.

शिट्टी आता वरातीनंतर येत नाही, असे पुतण्या सांगतो. आलेखातला खड्डा मात्र भरायचा नाही, हे डॉक्टरीण बाईंनी आधीच सांगून ठेवले आहे. तो आणखी खोल गेला की नाही ते दिवाळीनंतरच्या तपासणीत कळेल.